छत्रीवाल्या आजोबांचं नाव काय?

पत्र:

सर, नमस्कार. आमची कोल्हापुरात हौशी नाट्यसंस्था आहे, रजिस्टर ट्रस्ट आहे, तिशी ओलांडलीय. नाटक करतो, मधूनमधून नाट्यसंगीताचा कार्यक्रम. मी दिवसा शाळेत शिकवते आणि चार वर्षं झाली कार्यवाह आहे. वर्षाला पाच-सहा कार्यक्रम, सगळे फुकट पासवर, तरी हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं, तीही तीच ती, केस पिकलेली. फेसबुकवर पोस्ट टाकली की चारशे लाईक आणि संध्याकाळी खुर्च्या रिकाम्या. एक उद्योजक काका दरवर्षी मोठा चेक द्यायचे, आता धंदा मुलगा बघतो आणि यंदा त्यानं हात जोडून नाही म्हटलं. कार्यकारिणीत दोन गट पडलेत, एक म्हणतो टीव्हीवरचा कलाकार आणू, लोक आपोआप येतील, दुसरा म्हणतो बस्स झालं, बंद करू. अध्यक्ष म्हणतात कोल्हापुरात रसिकच राहिला नाही. एक आजोबा मात्र प्रत्येक कार्यक्रमाला येतात, ऊन असो पाऊस असो हातात छत्री, आणि जाताना दारात विचारतात, पुढचं कधी? त्यांच्याकडं बघितलं की बंद करायचं धाडस होत नाही. काय करू?

एक कार्यवाह, कोल्हापूर

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. त्यात उद्योजक काका आहेत, त्यांचा मुलगा आहे, दोन गट आहेत, अध्यक्ष आहेत, चारशे लाईक आहेत. छत्रीवाले आजोबा पण आहेत, पण त्यांचं नाव नाही. चार वर्षं हा माणूस तुमच्या दारातून आत येतोय, बाहेर जातोय, दरवेळी स्वतःहून बोलतोय, आणि तो कुठल्या पेठेतला, घरी कोण असतं, पूर्वी काय करायचा, यातलं काहीच तुम्हाला माहीत नाही असं पत्रावरून वाटलं. टोचायला लिहीत नाही हां. मी बरीच वर्षं अशा छोट्या संस्थांसोबत काम करतोय, नाटकवाल्या, गाण्याच्या, चित्रकारांच्या, आणि जवळजवळ सगळीकडं हेच बघितलंय, की देणगीदाराचा वाढदिवस पाठ असतो, त्याच्या मुलाच्या लग्नाला अख्खी कार्यकारिणी जाते, आणि खुर्चीत येऊन बसणाऱ्याची नोंद मात्र 'उपस्थिती ६५' एवढीच असते. चेक थांबला की मग कळतं, आपल्याला ओळखणारा एकच माणूस होता आणि आपण ओळखत होतो तोही तो एकच.

अध्यक्षांच्या वाक्याचं आधी बघू, कारण ते एकदा मनात बसलं की पुढं काहीच सुचत नाही. कोल्हापुरात रसिक राहिला नाही. मी ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा खासबागेच्या बाजूला गर्दीत उभा होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची, म्हणजे ज्या गायक-नटाचं नाव नाट्यगृहाला आहे त्यांची, जयंती. तुम्हाला सांगायला नको ती रात्र, तुम्ही पण तिथंच कुठंतरी असणार. कलाकार ढसाढसा रडत होते हे सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, पण माझ्या शेजारी एक रिक्षावाला उभा होता, तो कलाकार नव्हता की कुठल्या संस्थेचा मेंबर नव्हता, आणि त्याचे डोळे वाहत होते. म्हणाला, वडलांच्या मांडीवर बसून हितं पहिलं नाटक बघितलं. मी विचारलं, शेवटचं कधी आलावता? तो माझ्याकडं बघून म्हणाला, "आता आमाला कोन बोलवतंय सायेब."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. त्या माणसाला वास्तूचं प्रेम होतं, नाटकाची आठवण होती, रिक्षा त्याची स्वतःची होती, म्हणजे यायची जायची पण अडचण नव्हती. फक्त मधल्या एवढ्या वर्षांत त्याला कुणी ये म्हटलं नव्हतं. आपण काय म्हणतो, फेसबुकवर टाकलंय, पेपरात छोटी बातमी आलीय, शाहू स्मारकच्या हॉलबाहेर बोर्ड लावलाय. ती जाहिरात झाली ताई. बोलावणं वेगळं. आपल्याकडं लग्नाची पत्रिका नुसती पोस्टानं आली तर माणूस नाराज होतो, घरी येऊन अक्षता दिल्या पाहिजेत, आणि नाटकाला मात्र त्यानं बोर्ड वाचून यावं ही आपली अपेक्षा.

आणि कोल्हापूरला प्रेक्षक जमत नाही असं म्हणणाऱ्यानं एकदा शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघून यावी. संघ पाटाकडील असो, खंडोबा असो, दिलबहार असो, पोरं भर उन्हात तीन-तीन तास बसतात. मैदानावरचा प्रत्येक खेळाडू काही जागतिक दर्जाचा नसतो, त्यांना पण माहितीय ते, मग का बसतात? कारण राईट आऊटला खेळणारा पोरगा आपल्या गल्लीतला आहे, त्याची आई आपल्याला ओळखते, आणि उद्या सकाळी कट्ट्यावर विषय निघाला की 'तू न्हवतास व्हय?' असं कुणीतरी विचारणार आहे. हा शेवटचा प्रश्न लई मोठा आहे. तुमच्या कार्यक्रमाला जो आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी असं विचारणारं कुणी आहे का? नसलं तर तो का येईल?

शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्ती मैदान १९१२ मध्ये बांधलं आणि त्याला लागूनच पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव, १९१५ मध्ये पूर्ण झालं. पाठीला पाठ लावून. कुस्तीचा आखाडा आणि संगीत नाटकाचा रंगमंच एकाच आवारात. मला हे नेहमी महत्त्वाचं वाटत आलंय, की आपल्या गावात 'रसिक' म्हणजे वेगळी जमात असं कधी नव्हतंच, पैलवानाच्या मैदानापासून नाटकाच्या दारापर्यंत चालत दोन मिनिटं. वेगळी जमात आपण नंतर केली, निमंत्रितांची.

ते निमंत्रितांचं जरा बोलतोच. मागच्या वर्षी एका गावात, नाव नको, एका संस्थेचा कार्यक्रम बघायला मी कुणाला न सांगता गेलो. दारात टेबल, टेबलावर गुलाबाची फुलं आणि अत्तर, पण टेबलामागं बसलेले दोघं मोबाईलमध्ये. माझ्या पुढं एक माणूस आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. इकडंतिकडं बघितलं, कुणी काही बोललं नाही, मुलीनं एक गुलाब उचलला तर टेबलावरचा म्हणाला, ते पाहुण्यांसाठी आहेत. आत गेलो तर पुढच्या दोन रांगा सोफ्याच्या, पांढरी कव्हरं घातलेली, पाठीवर 'निमंत्रित' अशी चिठ्ठी, आणि पूर्ण रिकाम्या. तो माणूस मुलीला घेऊन मागं बाराव्या-तेराव्या रांगेत बसला, मुलीला पुढच्याच्या डोक्यामुळं दिसेना, ती खुर्चीवर गुडघे टेकून बघत होती. सहाचा कार्यक्रम पावणेसातला सुरू झाला, मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सहा जणांना शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं भाषण, अध्यक्षीय समारोप, आणि नाटकाचा पहिला संवाद सात पंचावन्नला. मध्यंतरात बापलेक निघून गेले. त्या दोन रांगा शेवटपर्यंत रिकाम्याच राहिल्या. बॅकस्टेजला गेल्यावर सेक्रेटरी मला म्हणाले, बघा साहेब, नवीन पिढी येतच नाही.

नवीन पिढी आली होती, गुलाब घ्यायला गेली होती.

आता कामाचं. तुम्ही पहिलं काय करायचं तर एक दोनशे पानी वही घ्यायची. ॲप नको, एक्सेल नको, ते नंतर. पुढच्या कार्यक्रमाला दारात तुम्ही स्वतः उभं राहायचं, एकीला सोबत घ्यायचं, आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, भाग, फोन नंबर आणि 'कुणाच्या सांगण्यावरून आलात' एवढं लिहायचं. हा चौथा रकाना सगळ्यात मोलाचा, तो विसरू नका. पोस्टर बघून आलो म्हणणारे थोडे निघतात, बहिणीनं सांगितलं, ऑफिसमधल्यानं सांगितलं, माझा भाचा लाईट करतो असे जास्त निघतात. म्हणजे तुमची प्रसिद्धी कोण करतंय ते नावासकट कळतं. आणि आजोबा आले की त्यांना खुर्चीवर बसवून नाव विचारा, आणि छत्रीचं पण विचारा.

मग कार्यक्रमानंतर आठवड्याभरात फोन. सगळ्यांना नाही जमणार, वीस जणांना करा, आणि कृपा करून 'कसं वाटलं?' हा प्रश्न विचारू नका. आपल्याकडं कसं वाटलं विचारलं की माणूस छान म्हणतो, विषय संपला, तुम्हाला बरं वाटतं आणि हाताला काही लागत नाही. त्याऐवजी विचारा, घरातून किती वाजता निघालात, परत कसे गेलात, शेजारी कोण बसलं होतं, कुठं कंटाळा आला. आणि जे पूर्वी यायचे पण आता दिसत नाहीत त्यांना तर नक्की फोन करा. एका संस्थेत आम्ही असे फोन केले, कळंब्याकडच्या एक बाई होत्या, पूर्वी एकही कार्यक्रम चुकवायच्या नाहीत, दोन वर्षं दिसल्या नव्हत्या. सगळ्यांचा समज की त्यांचा इंटरेस्ट संपला. फोनवर म्हणाल्या, अहो, मिस्टर गेल्यापासून रात्री परत यायला सोबत नाही, तुमचं सुटायला साडेनऊ-दहा होतात, केएमटीची बस मिळत नाही, रिक्षाला एकटीनं जायला नको वाटतं. झालं. त्याच भागातून येणाऱ्या अजून तीन बायका वहीत होत्या, एकमेकींचे नंबर दिले, चौघी एका रिक्षातून यायला लागल्या, आणि संस्थेनं भाषणं कापून कार्यक्रम पावणेनऊला संपवायला सुरुवात केली. कंटेंट वगैरे काही बदललं नाही. कित्येकदा प्रश्न नाटकाचा नसतोच, परत जायचा असतो, बायकांच्या बाथरूमचा असतो, गाडी कुठं लावायची याचा असतो, गुडघ्यांचा असतो, आणि आपण कार्यकारिणीत बसून मराठी रंगभूमीच्या भवितव्यावर बोलत असतो.

व्हॉट्सॲपचं एक लक्षात ठेवा. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच जातो. म्हणजे तुम्ही दोनशे जणांना पाठवल्यासारखं वाटतं आणि पोचतो चाळीस जणांना. म्हणून दारात नंबर लिहून घेताना तिथंच संस्थेचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्यायचा, अर्धा मिनिट लागतो. आणि रोज सुप्रभात नको. महिन्यातून दोन मेसेज, त्यातला एक तरी कार्यक्रमाचा नसावा, तालमीतला फोटो, सेटचा रंग सुकतोय त्याचा फोटो, असलं काहीतरी.

तालमीवरून आठवलं, हे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय. आपल्या गावात तालीम हा शब्द दोन्हीकडं चालतो बघा, कुस्तीची तालीम आणि नाटकाची तालीम. कुस्तीच्या तालमीत काय असतं, संध्याकाळी पोरं लढत करत असतात आणि पेठेतली म्हातारी माणसं कडेला बसून बघत असतात, मधूनच ओरडतात, अरे पट काढ, पट काढ. तो पोरगा पुढं मैदानात उतरला की हीच म्हातारी माणसं तिकीट काढून जातात, कारण त्याचा घाम त्यांनी बघितलेला असतो. आणि नाटकाची तालीम? दार बंद, कुणी डोकावलं तर आपण चिडतो. मग पहिल्या प्रयोगाला लोकांनी एकदम यावं, ज्या गोष्टीत त्यांची काही गुंतवणूकच नाही. तुम्ही शेवटच्या पंधरा दिवसांतल्या दोन तालमी उघड्या करा. एखाद्या तालीम मंडळाचा हॉल मागा, मंडळं देतात, फक्त आधी जाऊन अध्यक्षांशी नीट बोलायचं. पेठेतल्या लोकांना सांगा, या, बसा, चहा आहे, आमचं अजून पाठ झालेलं नाही, चुकणार आहोत. एका ग्रुपनं हे केलं तेव्हा मी होतो. नायिकेची भूमिका करणारी मुलगी एका वाक्यावर सारखी अडखळत होती, तिसऱ्यांदा अडखळली तेव्हा दारात उभ्या एका मावशींनी तिला ते वाक्य सांगितलं, दोनदा ऐकून त्यांचं पाठ झालं होतं. सगळा हॉल हसला, मुलगी पण हसली. प्रयोगाच्या दिवशी त्या मावशी शेजारणींना घेऊन आल्या आणि ते वाक्य आलं तसं शेजारणीचा हात धरून बसल्या, मुलगी न अडखळता बोलली तेव्हा मावशींनी टाळी वाजवली, बाकी कुणाला कळलंच नाही टाळी कशाची. तुमच्या संस्थेला अशी माणसं पाहिजेत, शंभर असली तरी बास.

आता टीव्हीवरचा कलाकार. हा सल्ला मी स्वतः एका संस्थेला दिला होता, तेव्हा मला वाटायचं एकदा लोकांना हॉलपर्यंत आणलं की ते राहतील. हॉल भरला, बाहेर माणसं उभी होती, सगळे खूश. दारात एकही नाव लिहून घेतलं नव्हतं, गर्दीच एवढी होती. पुढच्या महिन्यात संस्थेचं स्वतःचं नाटक, पस्तीस माणसं. आणि त्या कलाकाराच्या मानधनात, गाडीत, हॉटेलात वर्षाचे दोन प्रयोग गेले. ती माणसं त्या चेहऱ्यासाठी आली होती, चेहरा गेला, ती पण गेली. त्या संस्थेची मी नंतर माफी मागितली. तेव्हा आणायचंच असेल तर कार्यशाळेला आणा, तीन दिवस तुमच्या पोरांसोबत राहू दे, हॉल भरायला नको.

फुकट पास बंद करा. यावर कार्यकारिणीत भांडण होणार, होऊ दे. पास फुकट असला की पाऊस आला तर माणूस येत नाही, पाहुणे आले तर येत नाही, कारण खिशातून काही गेलेलं नसतं. शंभर रुपयाचं तिकीट ठेवा, विद्यार्थ्यांना तीस ठेवा, ज्याला जमत नाही त्याला दारात न विचारता आत सोडा, पण वहीत नाव त्याचं पण लिहा. जीएसटीची भीती घालणारे भेटतील, तर नाटक, नृत्य, संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्याला जीएसटी माफ आहे. आणि वर्षाचं सभासदत्व काढा. समजा वर्षाचे ६०० रुपये. दीडशे जण मिळाले तर ९० हजार झाले. काकांच्या चेकएवढे होतील की नाही मला माहीत नाही, पण हे पैसे दीडशे ठिकाणाहून आलेले आहेत, त्यातले दहा गळले तर संस्था बसत नाही. आणि ज्यानं जूनमध्ये ६०० भरलेत तो जानेवारीत स्वतःहून फोन करून विचारतो, काय हो, पुढचं कधी? आजोबांचा प्रश्न दीडशे जण विचारायला लागतील.

हिशोबाचं एक सांभाळा. सभासदत्वाच्या बदल्यात तुम्ही कार्यक्रम दाखवताय, म्हणजे ती देणगी होत नाही, त्याची ८०जी ची, म्हणजे देणाऱ्याला आयकरात सूट मिळवून देणारी, पावती देऊ नका. देणगीचं पावतीपुस्तक वेगळं, सभासदत्वाचं वेगळं. देणगी २००० रुपयांच्या वर रोखीत घेतली तर देणाऱ्याला सूट मिळत नाही, आणि नवीन टॅक्स पद्धत निवडलेल्यांना तर ८०जी चा उपयोगच नाही, तेव्हा 'टॅक्स वाचेल' हे सांगून देणगी मागायचे दिवस तसेही संपत आलेत. आणि धर्मादाय आयुक्तांकडचा चेंज रिपोर्ट बघा, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत द्यायचा असतो, तीस वर्षांच्या संस्थांमध्ये बऱ्याच ठिकाणी वारलेली माणसं कागदावर विश्वस्त असतात आणि मग बँकेत सही अडते. ते एकदा वकिलाला धरून करून टाका.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर सक्तीनं करायच्या खर्चाचं, कार्यकारिणीत कुणीतरी काढणारच, आत्ताच सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ही सक्ती मोठ्या कंपन्यांना लावली, नेट वर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, अशांनी सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. शिरोली आणि गोकुळ शिरगावातल्या आपल्या बहुतेक फौंड्रीवाल्यांना ते लागू होत नाही, ते देतात ते मनानं देतात. आणि ज्यांना लागू होतं त्यांना पण एका दिवसाचा कार्यक्रम, पुरस्कार सोहळा असलं काही सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, सरकारनं २०१४ लाच ते स्पष्ट केलंय. वर्षभर चालणारं काम लागतं. तुम्ही शिक्षिका आहात, शाळेत वर्षभर नाट्यवर्ग चालवणं हे तुमच्याइतकं कुणाला जमणार नाही, तो प्रस्ताव तयार ठेवा, पण त्याच्या भरवशावर यंदाचं वर्ष आखू नका.

त्या काकांच्या मुलाकडं मात्र परत जा. चेक मागायला नको. त्याला म्हणा, तुमच्या कारखान्यातल्या वीस कामगारांना घरच्यांसकट आमच्या नाटकाला पाठवा, तिकिटाचे पैसे तुम्ही भरा, त्यांच्या सुट्टीचा वार सांगा, त्या दिवशी आम्ही प्रयोग लावतो. वडलांना व्यासपीठावर मान मिळायचा, मुलाला त्यात काही मिळत नव्हतं, तो नाही म्हणाला यात त्याचं काही चुकलं नाही. पण आपल्या कारखान्यातला मोल्डर पोरांना मांडीवर घेऊन नाटक बघतोय हे त्यानं स्वतः बघितलं तर पुढच्या वर्षी त्याला सांगावं लागणार नाही असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, पण असं होताना मी बघितलंय.

तारखांचं पण बघा जरा. रविवारी संध्याकाळी मोठी मॅच असली तर पोरं येणार नाहीत, तेव्हा फुटबॉलच्या सीझनचं वेळापत्रक आधी भिंतीला लावा. ऊसतोड सुरू झाली की आजूबाजूच्या गावातली माणसं फेब्रुवारी-मार्चपर्यंत मोकळी नसतात. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी वाढलं की गावाचं लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडं असतं, नाटकाकडं नसतं, आणि ते बरोबरच आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकाच शनिवारी तीन संस्थांचे तीन कार्यक्रम, साठ-साठ माणसं वाटून घेतलेली. जुलै १९२१ मध्ये केशवराव आणि बालगंधर्वांनी, दोन चुरशीच्या कंपन्यांच्या मालकांनी, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत एकत्र 'संयुक्त मानापमान' केलं. आपण निदान कॅलेंडर एक करू शकतो की. शहरातल्या चार-पाच छोट्या संस्थांच्या कार्यवाहांना तुमच्या घरी चहाला बोलवा, अध्यक्षांना नको, फक्त काम करणाऱ्यांना, आणि वर्षाच्या तारखा वाटून घ्या, एकमेकांच्या कार्यक्रमात एकमेकांची घोषणा करा.

तरुणांचं थोडक्यात. तुमच्याकडं खुर्च्या उचलायला, लाईट ओढायला पोरं असणार. त्यातल्या दोघांना कार्यकारिणीत घ्या, मताच्या हक्कासकट. आणि वर्षातला एक कार्यक्रम पूर्ण त्यांच्यावर सोडा, कुठलं नाटक, कुठं करायचं, तिकीट किती, सगळं. ज्येष्ठांना आवडणार नाही असं काहीतरी करतील. करू दे. पडलं तर पडू दे, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून वही उघडायची आणि कोण आलं होतं ते बघायचं.

बंद करायचं का, या प्रश्नाचं उत्तर राहिलं. यंदा नाही. थकलाय तुम्ही हे पत्रात दिसतंय, रविवारी पण तुम्हाला सुट्टी नसणार, तेव्हा पाच कार्यक्रम करू नका, तीन करा. भाषणं दहा मिनिटांत, पुढच्या रांगा आधी येईल त्याला, आणि कार्यक्रम बोर्डावर लिहिलेल्या वेळेला सुरू, समोर दहा माणसं असली तरी, कारण ती दहा वेळेवर आलेली आहेत. कार्यवाहपद सोडायचं असेल तर वर्षानं सोडा, तोवर दारात उभं राहायचं काम मात्र दुसऱ्या कुणाला देऊ नका.

दुसऱ्या कार्यक्रमानंतर मला परत लिहा. वहीच्या पहिल्या चार पानांचे फोटो पाठवा, फोन नंबरचा रकाना झाकून. चौथ्या रकान्यात कुणाकुणाची नावं परत परत येतायत ते आपण दोघं मिळून बघू, आणि आजोबा कुठल्या पेठेतले निघाले तेही कळवा.